कावळा, फांदी आणि पिंक फ्लॉइड

१९३९ सालचा 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा हॉलिवूडचा सिनेमा आवाज बंद करून लावायचा आणि त्यावर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम वाजवायचा. सुरुवात नेमकी जमली, तर ही गाणी याच सिनेमासाठी केली होती की काय असं वाटायला लागतं. चक्रीवादळ येतं तेव्हा बाईचा टिपेचा आवाज उठतो, आणि सिनेमाची नायिका डोरोथी दार उघडून रंगीत दुनियेत पाऊल टाकते तेव्हा 'मनी' गाण्याच्या आरंभीची गल्ल्याची खणखण सुरू होते. चाहत्यांनी या जोडगोळीला 'डार्क साइड ऑफ द रेनबो' असं नाव ठेवलं आहे. इंटरनेटच्या बाल्यावस्थेत चर्चागटांवर ही गोष्ट फिरत होती. ऑगस्ट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या फोर्ट वेन गावच्या वर्तमानपत्रात चार्ल्स सॅव्हेज यांनी तिच्यावर लिहिलं, १९९७ मध्ये बॉस्टनच्या एका रेडिओ निवेदकाने ती देशभर पोचवली, आणि जुलै २००० मध्ये टर्नर क्लासिक मूव्हीज या वाहिनीने हा सिनेमा दाखवताना अल्बम पर्यायी ध्वनी म्हणून उपलब्ध करून दिला.

करून बघणाऱ्यांपैकी बरेच जण पाच मिनिटांत कंटाळून सोडून देतात, कारण त्यांची जुळणी चुकलेली असते. तेव्हा आधी कृती नीट समजून घेऊ. हे मुद्दाम केलेलं होतं का, हा प्रश्न नंतर.

अल्बमची मूळ स्टुडिओ आवृत्तीच हवी. दहा तुकडे, एकूण लांबी ४२ मिनिटं ५० सेकंद ते ४३ मिनिटांच्या आसपास. १९७३ ची असो, २०११ ची असो की पन्नाशीनिमित्त २०२३ मध्ये आलेली असो, फरक काही सेकंदांचाच पडतो. चालणार नाही ती बँडचा एकेकाळचा बासवादक रॉजर वॉटर्सने २०२३ मध्ये नव्याने गाऊन काढलेली 'रिडक्स' आवृत्ती. नाव तेच, पण गाण्यांची लांबी वेगळी. स्ट्रीमिंगवर शोधताना ती वर आली की घाईत तिच्यावर बोट पडतं. मैफिलींची ध्वनिमुद्रणंही बाद, कारण रंगमंचावर प्रत्येक गाणं थोडं लांबतं किंवा आखडतं.

सिनेमाच्या प्रतीत एकच गोष्ट तपासायची, ती म्हणजे लांबी. खोक्यावर १०१ किंवा १०२ मिनिटं लिहिलेली असतील तर प्रत योग्य. ९८ मिनिटं लिहिली असतील, तर ती पाल (PAL) या टीव्ही पद्धतीची डीव्हीडी आहे आणि तशीच लावली तर तिच्यावर जुळणी होणारच नाही. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम्सनी) चित्रित होतो, आणि पाल टीव्हीला सेकंदाला २५ चौकटी लागतात. एक चौकट आणायची कुठून? सोपा उपाय म्हणून अख्खा सिनेमाच चार टक्के वेगाने पळवतात. नुसत्या डोळ्यांना ते कळत नाही. पण एकोणीस-साडेएकोणीस मिनिटांचे चार टक्के म्हणजे ४५ ते ४७ सेकंद, आणि तेवढी गफलत झाली की गल्ल्याची खणखण सुरू होईपर्यंत डोरोथी दारातून बाहेर पडून बरीच पुढे गेलेली असते. भारतातला जुना टीव्ही पाल पद्धतीचा, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडींमध्ये हा धोका जास्त. ब्लू-रे आणि अमेरिकी डीव्हीडी यांत ही अडचण नाही. त्यांचा वेग सेकंदाला २३.९७६ चौकटी असतो. अस्सल २४ च्या तुलनेत ४३ मिनिटांत अडीच सेकंदांचा फरक पडतो, तो सोडून द्यावा.

आता सुरुवात. सिनेमाच्या आरंभी एमजीएम या चित्रपटसंस्थेच्या बोधचिन्हातला सिंह डरकाळी फोडतो. अल्बम शून्यावर आणून थांबवून ठेवायचा आणि तिसऱ्या डरकाळीला सोडायचा, हा सर्वमान्य संकेत. काही प्रतींमध्ये सिंहाच्या आधी दुसऱ्या कंपनीची पाटी येते, ती मोजायची नाही. पहिली की तिसरी यावर चाहत्यांची भांडणं आहेत, पण डरकाळ्यांमध्ये अंतर काही सेकंदांचंच असतं, त्यामुळे डरकाळ्या मोजत बसण्यापेक्षा पुढची खूण जास्त भरवशाची. 'स्पीक टू मी' हा पहिला तुकडा साधारण ६५ ते ७० सेकंदांचा आहे: हृदयाचे ठोके, घड्याळं, हसणं, आणि शेवटी एक वाढत जाणारी किंकाळी. ती फुटून 'ब्रीद' गाणं सुरू होतं त्या क्षणी पडद्यावर निर्माता मर्विन लरॉय यांचं नाव उमटलं पाहिजे. उमटलं तर जुळणी बरोबर. दोन सेकंद मागेपुढे असेल तर अल्बम तेवढा सरकवा. त्याहून जास्त असेल तर पहिल्यापासून सुरुवात करा.

सिनेमाचा आवाज पूर्ण बंद ठेवा, हवी तर उपशीर्षकं चालू ठेवा. पहिल्या वेळी ती असलेली बरी, कारण संवादाचा अर्थ आणि गाण्याचे शब्द एकमेकांवर आदळतात तिथेच बरीच गंमत आहे.

मग काय काय दिसतं? 'ब्रीद'च्या शेवटाकडे लाटेवर तोल सांभाळण्याची ओळ येते तेव्हा डोरोथी डुकरांच्या कोंडवाड्याच्या कुंपणावरून तोल सावरत चाललेली असते. ती आत पडते आणि 'ऑन द रन'ची धावपळ सुरू होते. 'टाइम'च्या आरंभी सगळी घड्याळं एकदम वाजतात, तेव्हा पडद्यावर कजाग मिस गल्च सायकलवरून येते. याच गाण्याच्या अखेरीस घरी परतण्याच्या ओळी आहेत, त्या सुमारास प्रोफेसर मार्व्हल हा भटका भविष्यवाला डोरोथीला घरी पाठवायच्या खटपटीत असतो. वादळावर 'द ग्रेट गिग इन द स्काय' येतं. गायिका क्लेअर टॉरीचा तो शब्दांवाचूनचा आवाज, वादळात उडणारं घर आणि खिडकीबाहेरून तरंगत जाणारी माणसं. सगळ्या प्रयोगात सर्वांत चांगली चार-पाच मिनिटं हीच, आणि ती शब्दांवर अजिबात अवलंबून नाहीत. मग घर जमिनीवर आदळतं, सगळं शांत होतं, तपकिरी दाराआड टेक्निकलर रंग उघडतात आणि 'मनी' सुरू होतं. पुढे 'अस अँड देम'मध्ये काळ्या-निळ्या रंगांचा उल्लेख येतो तेव्हा काळ्या वेशातली चेटकीण निळ्या फ्रॉकातल्या डोरोथीसमोर उभी असते. 'ब्रेन डॅमेज' या वेडाच्या गाण्यावर मेंदू नसलेलं बुजगावणं नाचतं. अल्बम संपताना उरतात ते फक्त हृदयाचे ठोके, आणि डोरोथी टिनच्या माणसाच्या छातीला कान लावते. त्याच्याकडे हृदय नाही, हे सांगायला नको.

४३ मिनिटांचा अल्बम १०१ मिनिटांच्या सिनेमाला पुरत नाही, म्हणून तो लगेच पुन्हा लावायचा. दोन पूर्ण आवर्तनं होऊन तिसरं मध्येच कापलं जातं. कट्टर चाहते दुसऱ्या फेरीतही जुळण्या मोजतात. तिथे फारसं काही नाही.

बिघाड होतो तो बहुतेक वेळा फोनमुळे. संगीताच्या ॲपमध्ये दोन गाण्यांचे काठ एकमेकांत मिसळण्याची सोय असते. ती पाच सेकंदांवर असेल तर दहा तुकड्यांच्या नऊ सांध्यांवर मिळून पाऊण मिनिट गळतं, आणि टिनच्या माणसाचं हृदय आधीच बंद पडतं. ती सोय बंद करा, गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं बटण बंद करा, आणि फुकट खातं असेल तर जाहिरातीचा धोका लक्षात ठेवा. जाहिरात एकदा मध्ये आली की जुळणी पुन्हा बसवायला आधार उरत नाही. ब्लूटूथ स्पीकरमुळे आवाज सेकंदाच्या काही अंशाने मागे पडतो, त्याची काळजी नको. हा खेळ ओठांच्या हालचाली जुळवण्याचा नाही, सेकंदभर इकडेतिकडे चालतं. रेकॉर्ड प्लेअरवर मात्र हा प्रयोग करू नये. 'ग्रेट गिग' आणि 'मनी' यांच्यामध्येच तबकडी उलटावी लागते, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या जुळणीच्या वेळी तुम्ही प्लेअरपाशी वाकलेले असता.

नेटकं करायचं असेल तर कॉम्प्युटरवर करा. आपल्या सीडीवरचे दहा तुकडे ऑडॅसिटीसारख्या प्रोग्रॅममध्ये एकापुढे एक जोडून एकच वेव्ह फाइल बनवा. एमपीथ्री नको, त्यात प्रत्येक तुकड्याच्या टोकांना किंचित शांतता चिकटते आणि सांध्यावर खट्ट होतं. तीच माळ अडीच वेळा जोडली की सिनेमा पुरा होतो. मग व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये सिनेमा उघडताना दुसरी फाइल सोबत वाजवण्याचा पर्याय निवडून ही फाइल जोडा, आवाजाच्या यादीतून तीच निवडा आणि ट्रॅक जुळवण्याच्या खिडकीत सेकंद भरा. बारीक दुरुस्तीला कीबोर्डवरची जे आणि के ही अक्षरं आहेत, दर दाबाला ५० मिलिसेकंद. हातात फक्त ९८ मिनिटांची पाल प्रत असेल, तर ऑडॅसिटीत सूर न बदलता गती ४.१६७ टक्क्यांनी वाढवा. २५ ला २४ ने भागलं की हाच आकडा येतो. संगीत थोडं घाईत वाटतं, पण जुळणी बसते.

आता मूळ प्रश्न. हे बँडने ठरवून केलं का?

नाही. चाहत्यांचा लाडका युक्तिवाद असा, की पिंक फ्लॉइडला सिनेमासाठी संगीत करण्याचा सराव होता. ते खरंच आहे. १९६९ मध्ये दिग्दर्शक बार्बे श्रोडरच्या 'मोर' सिनेमाचं संगीत त्यांनी केलं. पडद्यावर बघत वाजवता येईल असा महागडा स्टुडिओ परवडत नव्हता, म्हणून त्यांनी प्रसंगांची लांबी स्टॉपवॉचवर मोजून घेतली आणि साध्या स्टुडिओत जाऊन तेवढ्या लांबीचे तुकडे वाजवले. १९७२ च्या सुरुवातीला त्याच श्रोडरच्या 'ला व्हॅले'साठी पॅरिसजवळच्या शातो देरुव्हिल या स्टुडिओत त्यांनी असंच काम केलं, त्याचा अल्बम 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' या नावाने निघाला. म्हणजे 'डार्क साइड' घडत होता त्याच काळात ही चौकडी स्टॉपवॉच घेऊन बसलेली होती.

पण हाच पुरावा उलटा लागू पडतो. सिनेमासाठी संगीत करताना आधी चित्र असतं, मग मोजमाप, मग संगीत. 'डार्क साइड' असा झालाच नाही. तो ध्वनिमुद्रणाआधी रंगमंचावर वाजला. २० जानेवारी १९७२ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनमध्ये तो पहिल्यांदा सादर झाला आणि तांत्रिक बिघाडामुळे 'मनी'च्या आसपास थांबवावा लागला. फेब्रुवारीत तो लंडनच्या रेनबो थिएटरात झाला. (नाव रेनबो आहे खरं, पण त्यावरून कुणी नवा सिद्धांत काढू नये.) तेव्हाचे तुकडे आजच्यासारखे नव्हते. 'ऑन द रन'च्या जागी गिटारवरची मोकळी वाजवण होती. पुढे सिंथी नावाच्या पेटीवजा यंत्रावर आठ सुरांची माळ फिरवून आजचा तुकडा तयार झाला. 'ग्रेट गिग'मध्ये तर सुरुवातीला टॉरीचा आवाजच नव्हता, ती आली अगदी अखेरच्या टप्प्यात आणि तिने उत्स्फूर्त गायलं. ज्या तुकड्यांवर सगळी जुळणी उभी आहे, तेच सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी ठरवून झालेले. वादळाच्या चौकटी मोजून हे करायचं, तर अल्बम जिथे ध्वनिमुद्रित झाला त्या लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सिनेमाचं रीळ आणि प्रक्षेपक हवा होता. घरगुती व्हिडिओ टेप तेव्हा रुळलेली नव्हती, तिचा पुढे सगळीकडे पसरलेला प्रकार व्हीएचएस जपानात आली १९७६ मध्ये. ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सनेही असलं काही झालं नसल्याचं सांगितलं आहे. ड्रमर निक मेसनने १९९७ मध्ये थट्टेवारी नेलं: ऑझशी काही संबंध नाही, सगळं 'द साउंड ऑफ म्युझिक'वर बेतलेलं होतं!

मग बसतं कसं? आपल्याकडे याला जुनं नाव आहे, काकतालीय न्याय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. पण या कावळ्याचा हिशेब मांडता येतो.

समजा, सिनेमात दर दहा सेकंदांना काहीतरी लक्षात येण्याजोगं घडतं. कुणी पडतं, दार उघडतं, नवं पात्र येतं. आणि दोन सेकंद आधी किंवा नंतर आलेलं आपण 'बरोबर वेळेवर' मानतो. म्हणजे दर दहा सेकंदांपैकी चार सेकंद जुळणीला मोकळे. अल्बममध्ये ठसठशीत क्षण साठ धरले, तर डोळे झाकून वाजवलं तरी चोवीस क्षण कशावर तरी पडतील. त्यातल्या दहा-बारांना अर्थ चिकटवणं मेंदूला जड नाही. उरलेले छत्तीस कुणाच्या लक्षात राहत नाहीत. अल्बममधला 'एनी कलर यू लाइक' हा तुकडा चालू असताना पडद्यावर काय होतं, हे कुठल्या यादीत सापडतं?

सर्वांत गाजलेली जुळणी, रंग आणि 'मनी', हीसुद्धा इतकी गूढ नाही. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत बसतं. त्याहून जास्त कोंबलं तर खाचा जवळ येतात आणि आवाज दबतो. म्हणून त्या काळचा कुठलाही शहाणा बँड वीस मिनिटांच्या आत एक चढण संपवून दुसरी बाजू दणक्यात सुरू करायचा. आणि पावणेदोन तासांच्या हॉलिवूडपटात पात्रं, पेच, संकट आणि नव्या जगात प्रवेश एवढं उरकायलाही साधारण तेवढाच वेळ लागायचा. दोन वेगळ्या धंद्यांची मापं एकसारखी निघाली. शिवाय हा अल्बम संथ आहे, त्यात शब्द कमी आणि लांब सूर जास्त. असं संगीत कशावरही पसरतं. वेगवान, शब्दबंबाळ अल्बम घेतला तर दोन मिनिटांत खटका उडेल.

पटत नसेल तर स्वतः तपासा. जुळणी मुद्दाम तीस सेकंद पुढे ढकला आणि या यादीबद्दल काही माहीत नसलेल्या माणसाला सिनेमा दाखवून जुळलेल्या जागा लिहायला सांगा. वादळ आणि 'ग्रेट गिग' तेव्हाही जुळेल, कारण दोन्ही लांब आहेत. कुंपण आणि सायकल जातील, पण त्यांच्या जागी दुसरं काहीतरी येईल.

याच जातीचा दुसरा प्रयोग 'एकोज'चा. पिंक फ्लॉइडचंच १९७१ चं हे साडेतेवीस मिनिटांचं गाणं '२००१: अ स्पेस ओडिसी'च्या शेवटच्या भागावर लावतात. 'ज्युपिटर अँड बियॉन्ड द इन्फिनिट' ही पाटी आली की सुरू करायचं. इथे सिंह नाही, आवर्तनं नाहीत, चुकायला जागाच कमी, म्हणून नवख्याने आधी हेच करावं. एका बैठकीत होतं आणि रंगांचा तो बोगदा या गाण्यावर फार देखणा दिसतो.

एवढ्या खटाटोपात 'डार्क साइड'चं सिनेमाशी असलेलं खरंखुरं नातं मात्र झाकलं जातं. ते दोन ठिकाणी आहे. १९७० मध्ये वॉटर्स आणि संगीतकार रॉन गीसिन यांनी मानवी शरीरावरच्या 'द बॉडी' या माहितीपटाचं संगीत केलं. त्यात 'ब्रीद' नावाचं गाणं होतं, आणि हवेत श्वास घेण्याची त्याची पहिली ओळच पुढे 'डार्क साइड'मध्ये आली. चाल मात्र वेगळी.

दुसरं नातं जास्त घट्ट. १९६९ च्या अखेरीस इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो अँतोनिओनीच्या 'झाब्रिस्की पॉइंट'साठी बँड रोममध्ये काम करत होता. अँतोनिओनीचं समाधान होईना. एकामागून एक तुकडे परत येत होते, शेवटी त्याने तीनच घेतले. नाकारलेल्यांत बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटची पियानोवरची एक संथ रचना होती, 'द व्हायलंट सिक्वेन्स'. पोलीस विद्यार्थ्यांना बडवतात त्या दृश्यांवर ती वाजवायची होती. वॉटर्स सांगतो, की अँतोनिओनीला ती सुंदर वाटली, पण फार उदास, चर्चची आठवण करून देणारी. ती बाजूला पडली. दोन-तीन वर्षांनी तिला शब्द मिळाले आणि ती 'अस अँड देम' झाली. हेच गाणं फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्सने मुंबईत अख्खा अल्बम सादर केला तेव्हा तिथल्या श्रोत्यांनी ऐकलं. मूळ पियानोचा तुकडा २०१६ मध्ये बँडच्या सुरुवातीच्या वर्षांच्या संचात प्रसिद्ध झाला आहे.

तेव्हा 'झाब्रिस्की पॉइंट' काढा. सुरुवातीची विद्यार्थ्यांची सभा संपू द्या, विद्यापीठातली धुमश्चक्री सुरू झाली की सिनेमाचा आवाज बंद करा आणि तो पियानो लावा. डरकाळी मोजायला नको आणि सेकंदाचा हिशेबही नको. लाठ्या वेगात, पियानो सावकाश. 'डार्क साइड'मधली एवढी एकच चाल पडद्यावरच्या दृश्यासाठी केलेली आहे, आणि त्या दृश्यावर ती कधी वाजलीच नाही.